मॉडेलवर बसते ना?

दुसऱ्यांच्या तोंडात दात बसवण्यात ज्यांचं आयुष्य गेलं, त्या कवळीमामांची स्वतःची दाढ झोपेत दात खाऊन खाऊन फुटली, हे ऐकून ओळखीपाळखीतले सगळे पोट धरून हसले. मामा तेवढे हसले नाहीत. एक तर दाढेला ठणका लागला होता, आणि दुसरं म्हणजे ती कशापायी फुटली हे आठवलं की त्यांचं डोकं नव्याने फिरत होतं. एका दवाखान्याने एकच कवळी तिसऱ्यांदा परत पाठवली होती. डबीत चिठ्ठी, ‘पेशंटला लागते.’ बस्स, एवढंच. कुठे लागते, कधी लागते, एवढं लिहायला यांचे हात झिजणार होते का?

मामांचं वर्कशॉप म्हणजे दुकानांच्या रांगेमागच्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत प्लास्टरची पोती, एक नळ आणि सगळ्यावर बसलेला पांढरा थर. आतल्या खोलीत दोन टेबलं, मेण वितळवायचा दिवा, घासायचं मशीन आणि त्या मशीनवर बसणारी पॉलिशवाली. ही बाई मामांकडे इतकी वर्षं टिकली ती एकाच कारणाने. मशीन चालू असलं की तिला काही ऐकू येत नसे, आणि मामा ओरडायला लागले की ती मशीन चालू करत असे.

या धंद्याची एक गंमत आहे. कवळी ज्याच्या तोंडात राहायची त्याचं तोंड कवळी करणाऱ्याला कधी दिसतच नाही. डॉक्टर माप घेतात, त्या मापात प्लास्टर ओतलं की पेशंटच्या हिरड्यांचं पांढरं मॉडेल निघतं, आणि मग सगळा संसार त्या मॉडेलवर. त्यावर मेण चढवायचं, मेणात दात लावायचे, मग मेण जाऊन त्याच्या जागी गुलाबी अ‍ॅक्रेलिक प्लास्टिक आलं, की घासूनपुसून डबीत रवाना. तक्रार आली की मामा ती कवळी मॉडेलवर ठेवायचे, दोन्ही अंगठ्यांनी दाबायचे आणि शेजारच्या दुकानाला ऐकू जाईल असं विचारायचे, “डुगडुगते का? नाही ना? मॉडेलवर बसते ना? मग बसते! त्या माणसाचं तोंड चुकलंय!”

घरीही तोच खाक्या. मीठ कमी पडलं, टॉवेल जागेवर नाही, बेल वाजवल्यावर दार उघडायला वेळ लागला, भडकायला काहीही पुरायचं. गेले काही महिने तर दार उघडायला फारच वेळ लागत होता. “आत काय राज्यकारभार चालला होता?” असं विचारल्याशिवाय मामांच्या पायातली चप्पल निघत नसे. जेवणही हल्ली सगळं मऊ. भात गिचका, भाजी शिजून गाळ, आणि सकाळी पावाचे तुकडे दुधात बुडवलेले. “मी आजारी आहे का?” मामा ताट सरकवून विचारायचे. बायको ताट पुन्हा पुढे सरकवायची.

पण दाढ फुटली त्याच आठवड्यात तिने कपाटावरची बॅग खाली काढली, ओल्या फडक्याने पुसली आणि पलंगापाशी उघडून ठेवली.

“लेक कधीची बोलावतेय,” ती म्हणाली. “मी तिच्याकडे जाणार. पाहुणी म्हणून नाही, राहायला.”

“का? इथे काय झालं?”

“इथे मला काही बोलता येत नाही. एक शब्द काढला की तुमचा भडका उडतो. आता वय राहिलं नाही हो माझं रोज घाबरायचं. सुधारलात तर राहीन. नाहीतर नाही.”

मामांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि दाढेतून अशी कळ गेली की ते तसेच बसून राहिले. कळ ओसरल्यावर त्यांना कळलं की आपण घाबरलोय. ही बाई खोटी धमकी देणाऱ्यांतली नव्हती. आणि तिच्याशिवाय या घरात कसं राहायचं हे मामांना खरोखरच माहीत नव्हतं.

मामा ज्यांच्यासाठी कवळ्या करायचे त्यांतल्या एका दातांच्या डॉक्टरीणबाईंनी फुटक्या दाढेवर टोपी बसवली, रात्री दातांवर घालायचं प्लास्टिकचं कव्हर मामांनाच करून घ्यायला सांगितलं, आणि हात धुताधुता म्हणाल्या, “मामा, दात मी सांभाळीन. डोक्याचं काय करायचं?”

“औषध द्या.”

“औषध नाही, पुस्तकं देते. मी स्वतः वाचते म्हणून सांगते.” आणि त्यांनी दोन हजार वर्षांपूर्वीच्या तीन माणसांची पुस्तकं सांगितली. एक लंगडा गुलाम होता, एक गडगंज श्रीमंत प्रधान, आणि एक चक्क बादशहा. तिघांचं म्हणणं थोडक्यात एकच. काही गोष्टी आपल्या हातात असतात, काही नसतात. ज्या नसतात त्यांच्यावर जीव जाळायचा नाही, आणि ज्या असतात त्या नीट करायच्या. “आधी गुलामाचं वाचा, ते छोटं आहे. मग प्रधानाची पत्रं. बादशहा शेवटी. एका दिवसात एकच पान. आणि मामा, ही पुस्तकं वाचून संपवायची नसतात, वाचून करायची असतात.”

पुस्तकं सुचवणाऱ्या माणसाइतकं सुखी जगात कोणी नसतं, कारण वाचायचं दुसऱ्याला असतं. वाचनालयातल्या ग्रंथपालांचं मत आणखी निराळं निघालं. त्यांच्या मते जुन्या पुस्तकांना एकदम हात घालणं म्हणजे शुद्ध वेडेपणा. आधी आजकालच्या लेखकाचं एखादं ओळख करून देणारं पुस्तक घ्यावं, रोजच्या सरावाचं, मग मूळ ग्रंथांकडे वळावं. जावयाने फोनवरून तिसराच क्रम लावून दिला. एकाच आजारावर तीन वैद्य आणि तिघांची पथ्यं वेगळी. त्यात गुलामाचं पुस्तक जागेवर नव्हतं. नावात ‘हाताशी’ असा शब्द असल्यामुळे कोणीतरी ते हस्तकलेच्या कपाटात, विणकामाच्या नमुन्यांशेजारी लावून ठेवलं होतं. ते सापडेपर्यंत मामांचा पारा इतका चढला की शांत होण्यासाठीचं पुस्तक त्यांनी टेबलावर आपटलंच.

आणि एवढं करून त्यांनी सुरुवात केली ती बादशहापासून. शिकायचं तर सगळ्यात वरच्या माणसाकडून, असा त्यांचा हिशेब. पण बादशहाने ते सगळं स्वतःसाठी लिहिलेलं. कोणाशी बोलतोय, कशाबद्दल बोलतोय, पत्ता नाही. दर दोन पानांनी मरणाची आठवण. भाषांतर करणाऱ्याने तर सूड उगवलेला. वाक्य सुरू झालं की क्रियापद येईपर्यंत चहा निवून जायचा. मग मामा प्रधानाच्या पत्रांकडे वळले. “वाड्यात बसून गरिबीचे फायदे सांगतोय,” ते भिंतीला म्हणाले. शेवटी निमूटपणे गुलामाच्या पातळ पुस्तकावर आले, म्हणजे डॉक्टरीणबाईंनी जिथून सुरू करायला सांगितलं होतं तिथेच, पण तीन आठवडे वाया घालवून.

या पुस्तकातली वाक्यं छोटी होती. त्यात लागलीच कळणारी भाषा होती, आणि मामांना ती आवडली, कारण त्यातलं बरंचसं इतर लोकांना लागू पडत होतं.

मग सराव सुरू झाला. आज कोण कोण त्रास देणार याची सकाळीच मनात तयारी करून ठेवायची, असा एक सराव होता. मामा डोळे मिटून बसायचे. चिठ्ठ्या लिहिणारे डॉक्टर, उशिरा येणारा प्लास्टरवाला, मशीनआड लपणारी पॉलिशवाली, एकेक जण डोळ्यांसमोर यायचा, आणि कोणी घराबाहेर पडायच्या आत मामा सगळ्यांवर संतापून मोकळे झालेले असायचे. दुसरा सराव, जे आपल्याला प्रिय आहे ते उद्या नसेल अशी कल्पना करायची. आवडत्या कपापासून सुरुवात केली. कप गेला, हरकत नाही. खुर्ची गेली, हरकत नाही. मग पलंगापाशी उघड्या असलेल्या बॅगेकडे नजर गेली आणि मामांनी पुस्तक मिटलं. तो सराव त्यांनी पुन्हा केला नाही. तिसरा सराव साध्या जेवणाचा होता. तो मात्र फार सोपा गेला. गिचका भात आणि गाळ भाजी ते आता एक शब्द न बोलता खायचे, आणि वर मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटायचे.

आणि खरंच, ओरडणं थांबलं. ‘पेशंटला लागते’ ही चिठ्ठी आली की मामा डोळे मिटून म्हणायचे, “ते आपल्या हातात नाही.”

“कवळी तर हातात आहे ना?” पॉलिशवाली म्हणायची. “मग घासा की जरा.”

मामा तिच्याकडे अशा दयेने बघायचे की तिला मशीन चालू करावंसं वाटायचं.

रोज संध्याकाळी दिवसाचा आढावा घ्यावा, आपलं काय चुकलं ते शोधावं, असंही पुस्तकात होतं. मामांना स्वतःला काही सापडेना, म्हणून ते बायकोला विचारायचे. जेवणं झाली की समोर बसून, हात गुडघ्यांवर ठेवून, “आज माझं काही चुकलं का?”

बायको ओढ्यातल्या दगडावर पाय ठेवण्याआधी थांबावं तशी क्षणभर थांबायची आणि म्हणायची, “नाही.”

असे कितीतरी ‘नाही’ जमा झाले. आणि बॅग तशीच उघडी! उलट तिच्यात रोज एखादं लुगडं, एखादी शाल जास्तच दिसायची. लेकीचा फोन आला की बायको स्वयंपाकघरात जाऊन हळू आवाजात बोलायची. मामांचा जीव कासावीस व्हायला लागला. आणखी काय करायचं माणसाने? तीन-तीन पुस्तकं वाचली, शिव्या गिळल्या, तोंडात प्लास्टिक घालून झोपलो, रोज विचारतोय चुकलं का, ही रोज म्हणतेय नाही, मग ही जायला का निघालीय? हे सगळं ओरडून विचारायची त्यांना अनावर इच्छा व्हायची, आणि ओरडायची सोय राहिली नव्हती. प्लास्टिकचं कव्हर एका ठिकाणी चावून आरपार झालं. त्यांनी कोणाला न सांगता दुसरं केलं.

एका रविवारी दुपारी मामा बाजारातून सफरचंदं घेऊन आले. नेहमीप्रमाणे दार उशिरा उघडलं. नेहमीप्रमाणे मामा काही बोलले नाहीत. सफरचंद कापून अर्धं तिच्या बशीत ठेवलं. ती फोडींकडे बघत बसली.

“खा ना. गोड आहे.”

“नको.”

“अगं, तुला आवडतं म्हणून आणलं.”

तिने एक फोड उचलली, कडेच्या दातांनी चावली, आणि तिच्या दोन्ही डोळ्यांतून पाणी आलं. मामा दचकले. पण दचकणं पुस्तकात बसत नव्हतं. त्यांनी पाठ ताठ केली, आवाज खाली आणला आणि सुरू केलं, “हे बघ. त्रास गोष्टीत नसतो. त्या गोष्टीबद्दल आपण जे मत करून घेतो ना, त्यात असतो. तू जर…”

“मत?” बायको म्हणाली. “हिरडीला मत असतं?”

तिने तोंडाला पदर लावला, बोटं आत घातली आणि खालची कवळी काढून मामांच्या तळहातावर ठेवली. ओली, गरम.

“घ्या. काय काय हातात नाही ते रोज ऐकते मी. ही आहे ना आता हातात?”

दात नसल्यामुळे शब्द पसरट येत होते, तरी प्रत्येक शब्द कळत होता. गेल्या वर्षी तिचे उरलेले दात काढले तेव्हा माप डॉक्टरीणबाईंनी घेतलं होतं आणि कवळी मामांनी केली होती. आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम, असं ते स्वतः सांगायचे. तिचा कडेचा एक दात पहिल्यापासून जरा तिरका होता. कवळीतही त्यांनी तो तसाच तिरका लावला होता, दोन संध्याकाळी खपून. डॉक्टरीणबाईंनी आठवड्याने दाखवायला बोलावलं तेव्हा मामाच म्हणाले होते, “काही गरज नाही. घरचं काम आहे.” आणि तिच्या हिरड्यांचं मॉडेल घरातल्या काचेच्या कपाटात, कपबशांच्या शेजारी मांडून ठेवलं होतं. आल्यागेल्याला ते दाखवायचे आणि ती बिचारी तिथून उठून जायची.

सवय वाईट. मामा उठले, काचेचं दार सरकवलं, मॉडेल काढलं, त्यावर कवळी ठेवली आणि दोन्ही अंगठ्यांनी दाबली. तसूभर हलली नाही.

“मॉडेलवर तर बसते,” त्यांच्या तोंडून गेलं.

“मग त्या मॉडेलला घाला खायला!” बायको ओरडली. इतक्या वर्षांत ती पहिल्यांदा ओरडली होती. “सफरचंद त्यालाच भरवा. आणि रोज संध्याकाळी त्यालाच विचारा, आज माझं काही चुकलं का. ते नाहीच म्हणेल!”

मामांनी कवळी मॉडेलवरून उचलली. मग त्यांना कवळीच्या कडेवर ओरखडे दिसले. बारीक, वेडेवाकडे, त्यांच्या कोणत्याही हत्याराचे नसलेले. नखं घासायच्या कानशीचे होते ते. ही बाई ते घरी नसताना कवळी काढून बसत होती, नखांच्या कानशीने ती घासत होती, आणि बेल वाजली की घाईघाईने तोंडात घालून दार उघडायला येत होती. त्यांना एकदम सगळं कळलं, दार, भात, भाजी, पाव, आणि त्यांना लाज वाटली.

“सांगितलं का नाहीस?”

“सांगितलं होतं. पहिल्याच आठवड्यात. तुम्ही काय म्हणालात आठवतं? म्हणालात, तुझं तोंड चुकलंय. मग चार दिवस माझ्याशी बोलला नाहीत.”

त्यांना आठवलं.

“पण आता? आता तर मी ओरडत नाही,” मामा जवळजवळ रडकुंडीला येऊन म्हणाले. “एवढी पुस्तकं वाचली…”

“आधी ओरडायचात, म्हणजे निदान तुमच्यापर्यंत पोचायचं तरी. आता भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं. मी काही बोलले असते तर म्हणाला असतात, हे आपल्या हातात नाही.”

मामांना राग आला. बायकोचा नव्हे. प्रधानाचा, बादशहाचा, ग्रंथपालांचा, सगळ्यांचा आला, आणि मग तोही टिकेना, कारण गुलामाने पहिल्या पानापासून हातात नसलेलं आणि हातात असलेलं अशा दोन्ही बाजू सांगितल्या होत्या आणि मामांनी सोयीची तेवढीच उचलली होती. हे पुस्तकातच होतं. तीन पुस्तकं पालथी घालून हे त्यांना सफरचंदाच्या फोडीपुढे कळावं, याचा संताप कोणावर काढायचा?

“ऊठ,” ते म्हणाले. “वर्कशॉपवर चल.”

रविवार असल्याने दुकानांची रांग बंद होती. बायको इतक्या वर्षांत वर्कशॉपवर दोन-तीनदा आली असेल. फळीवर ओळीने मांडलेली पांढरी मॉडेलं तिने पाहिली. “एवढी तोंडं,” ती म्हणाली, “आणि एकही बोलत नाही. बरं पडतं तुम्हाला.”

मामांनी तिला खिडकीपाशी बसवलं. “तोंड उघड.” तिने उघडलं. आयुष्यभर हिरड्या हाताळलेला हा माणूस पहिल्यांदाच जिवंत हिरडी जवळून बघत होता. ती पांढरी नव्हती. लाल होती, ओली होती, आणि डावीकडे गाल हिरडीला जिथे मिळतो तिथे एक चरा पडला होता, कडा पांढऱ्या झालेला. बायकोने जरा गाल हलवला तशी ती जागा सरकली. प्लास्टर काही सरकत नाही. मॉडेलवर जी कड नेमकी बसत होती, ती इथे गाल हलला की रुतत होती. एवढीशी कड. फार तर नखाएवढी.

डॉक्टर लोक करतात असं त्यांनी ऐकलं होतं, तसं त्यांनी जांभळ्या रंगाची पेन्सिल ओली करून तिच्या हातात दिली, समोर आरसा धरला. “जिथे लागतं तिथे टेकव.” मग कवळी कोरडी करून तोंडात बसवली आणि काढली. गुलाबी कडेवर जांभळा ठिपका उमटला होता. मामांनी मशीन चालू केलं, ठिपका घासला, कवळी धुतली, परत दिली.

“आता?”

“लागतं.”

पुन्हा पेन्सिल, पुन्हा ठिपका, पुन्हा मशीन.

“आता?”

“लागतं.”

हा शब्द ऐकला की ज्यांची दाढ फुटेपर्यंत मजल गेली होती, ते मामा तो पुन्हा पुन्हा ऐकत होते. जबडा आवळला जात होता, कानशिलं तापत होती. पुस्तकातलं एक वाक्य आठवत नव्हतं. ते फक्त घासत होते आणि विचारत होते. चरा भरेपर्यंत कवळी घालायचीच नाही आणि उद्या डॉक्टरीणबाईंना दाखवायचं, हेही मध्येच ठरलं. ते तिने ठरवलं. गुरुवारी लेकीकडे जाणार, हेही तिने सांगितलं, आणि परत कधी ते सांगितलं नाही. मामांना ते विचारायचा धीर झाला नाही.

बाहेर ऊन उतरायला लागलं होतं. प्लास्टरचा पांढरा थर तिच्या काळ्या चपलांवर बसला होता. तिने कवळी पुन्हा तोंडात घातली, जीभ फिरवली, गाल हलवून बघितला आणि थकलेल्या आवाजात म्हणाली, “असू दे आता. चालेल.”

रोज संध्याकाळच्या त्या ‘नाही’चा आवाज मामांना ओळखू आला. अगदी तोच होता.

“चालेल नको,” ते म्हणाले. “लागतं का, ते सांग.”

तिने त्यांच्याकडे पाहिलं.

“लागतं,” ती म्हणाली.

मामांनी हात पुढे केला.